फाउंड्रीच्या सर्व्हर रूममधला ट्रूनॅस

माझं मत आधीच सांगतो. दोन-चार सर्व्हर आहेत, सांभाळायला एखाद-दुसरा माणूस आहे आणि मोठ्या ब्रँडचं, एक कंट्रोलर गेला तर दुसरा काम उचलतो असं दोन कंट्रोलरवालं स्टोरेज परवडत नाही, अशा कारखान्यानं, दवाखान्यानं किंवा कॉलेजनं ट्रूनॅस जरूर घ्यावा. ट्रूनॅस म्हणजे साध्या सर्व्हरची नेटवर्कवरून वापरायची साठवणीची पेटी बनवणारं सॉफ्टवेअर, आणि ते फुकट आहे. पण हार्डवेअर नीट निवडावं लागतं, बसवताना घाई करून चालत नाही आणि नंतर दर महिन्याला थोडा वेळ काढावाच लागतो. एवढी तयारी असेल तर माहितीची इतकी राखण करणारी दुसरी प्रणाली या पैशात मिळेल असं मला वाटत नाही.

मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत संगणक विभाग सांभाळतो. आम्ही वाहनांसाठी कास्टिंग करतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, इथं वाळू आणि लोखंड, इथं डेटा कसला? पण प्रत्येक हीटला, म्हणजे भट्टीत एका वेळी वितळवलेल्या धातूला, नंबर असतो, त्या हीटच्या धातूत काय किती आहे ते सांगणारा स्पेक्ट्रोचा रिपोर्ट असतो, पॅटर्नची ड्रॉइंग असतात, मेथडिंगच्या, म्हणजे साच्यात धातू कसा ओतायचा त्याच्या, सिम्युलेशनच्या भल्यामोठ्या फाइली असतात. गाडी रस्त्यावर आल्यावर चार-पाच वर्षांनीही ग्राहक एखाद्या हीट नंबरचा कागद मागतो. त्या वेळी "फाइल उघडत नाही" हे उत्तर चालत नाही. वर ईआरपी, म्हणजे खरेदी-विक्री-साठ्याचा सगळा हिशेब ठेवणारं सॉफ्टवेअर, आहेच. ते बंद पडलं की डिस्पॅचचं चलन निघत नाही आणि गेटवर ट्रक उभे राहतात.

पूर्वी प्रत्येक सर्व्हरच्या पोटातच त्याच्या डिस्क होत्या. सर्व्हर बसला की त्याच्यावरची सगळी व्हर्च्युअल मशिनं, म्हणजे एकाच सर्व्हरवर सॉफ्टवेअरनं चालवलेले वेगवेगळे संगणक, त्याच्याबरोबर बसायची. अशी मशिनं चालवणारं सॉफ्टवेअर बनवणारी व्हीएमवेअर कंपनी २०२३ च्या शेवटी ब्रॉडकॉमनं घेतल्यावर लायसन्सचं गणित बदललं, तेव्हा आम्हीही अनेकांसारखे त्याच कामाच्या प्रॉक्समॉक्स या सॉफ्टवेअरवर आलो. त्याच वेळी ठरवलं की तीन सर्व्हर फक्त गणन करतील आणि साठवण वेगळ्या पेटीत, नेटवर्कवरून. तसं झालं की एक सर्व्हर दुरुस्तीला काढायचा असला तर त्याच्यावरची मशिनं चालू असतानाच दुसऱ्यावर सरकवता येतात, कारण डिस्क कुठं हलवायचीच नसते.

पर्याय पाहिले होते. ब्रँडेड सॅनचं, म्हणजे अनेक सर्व्हरना मिळून वापरायच्या तयार स्टोरेजचं, कोटेशन आलं, ते मालकांनी वाचून शांतपणे टेबलावर ठेवलं. सेफ (Ceph), म्हणजे अनेक सर्व्हरांत साठवण वाटून ठेवणारं सॉफ्टवेअर, उत्तम आहे, पण त्याला किमान तीन नोड आणि प्रत्येकात भरपूर डिस्क लागतात. आमच्या आकाराला ते जड पडतं. तयार नॅसच्या, म्हणजे नेटवर्कवरच्या साठवणीच्या, पेट्या वापरायला सोप्या असतात, पण आत काय चाललंय ते मला पूर्ण दिसत नाही, आणि पेटी बिघडली तर त्याच कंपनीची दुसरी शोधावी लागते. ट्रूनॅसच्या डिस्क मात्र उपसून दुसऱ्या कुठल्याही साध्या सर्व्हरला लावल्या आणि तिथं ट्रूनॅस टाकला, की पूल, म्हणजे सगळ्या डिस्क मिळून झालेला साठा, जसाच्या तसा इंपोर्ट होतो. माझ्या दृष्टीनं निर्णय तिथंच झाला.

नव्यांसाठी थोडक्यात. फ्रीनॅस नावानं हा प्रकल्प २००५ साली ऑलिव्हिए कोशार-लाबे यांनी सुरू केला. पुढं आयएक्ससिस्टिम्स या अमेरिकन कंपनीनं तो हातात घेतला आणि २०२० मध्ये नाव ट्रूनॅस झालं. आधी तो फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालायचा. २०२२ मध्ये डेबियन लिनक्सवरची स्केल आवृत्ती आली आणि आता नव्यानं बसवणाऱ्यानं लिनक्सवालीच घ्यावी. पण त्याचा खरा जीव झेडएफएस या फाइलसिस्टिममध्ये, म्हणजे डिस्कवर डेटा कसा मांडायचा ते सांभाळणाऱ्या भागात, आहे. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जेफ बॉनविक आणि मॅथ्यू अॅरन्स यांच्या चमूनं ती घडवली. झेडएफएस डेटाच्या प्रत्येक ब्लॉकची चेकसम, म्हणजे त्यावरून काढलेला पडताळणीचा आकडा, वेगळी लिहून ठेवते आणि वाचताना ती दरवेळी पडताळते. डिस्कनं "हा घ्या तुमचा डेटा" म्हणून चुकीचे बाइट दिले तर ती ते स्वीकारत नाही. दुसऱ्या प्रतीवरून बरोबर बाइट आणते, तुम्हाला देते आणि खराब जागाही दुरुस्त करते. साधं रेड (RAID) कार्ड, म्हणजे अनेक डिस्क एकत्र बांधणारं कार्ड, हे करत नाही. दोन प्रती जुळल्या नाहीत तर त्यातली खरी कुठली, हे त्याला कळायला मार्गच नसतो.

आता खरेदी. सगळ्यात जास्त डोकं इथं लावा.

आमची पेटी बारा बेची, म्हणजे डिस्कच्या बारा खणांची, रॅकमधली दोन-यू उंचीची चासी आहे, सर्व्हरचा बोर्ड, १२८ जीबी ईसीसी, म्हणजे स्वतःच्या चुका सुधारणारी, रॅम. रॅमवर काटकसर करू नका, कारण झेडएफएस रिकामी रॅम आर्क नावाच्या कॅशेसाठी वापरते आणि वारंवार लागणारं सगळं तिथून देते. लिनक्सवर पूर्वी आर्कला अर्ध्याच रॅमची मर्यादा होती. ट्रूनॅसच्या २४.०४ आवृत्तीपासून ती काढली, म्हणून रॅमचा आता पुरेपूर उपयोग होतो.

डिस्क जोडायला साधं एचबीए कार्ड, म्हणजे प्रत्येक डिस्क जशीच्या तशी दाखवणारं कार्ड, लागतं. रेड कार्ड नको. आमच्या पुरवठादारानं पेटीत रेड कार्ड घालून पाठवलं आणि फोनवर म्हणाला, "साहेब, हे जास्त भारी आहे, कॅशे आहे, बॅटरी आहे. तुमचाच फायदा." मी म्हटलं, "अहो, भारी आहे म्हणूनच नको. डिस्क आणि झेडएफएसच्या मधे कुणी बसायला नको." ते परत केलं आणि एलएसआय ९३००-८आय, आयटी मोडच्या, म्हणजे रेडचं काम न करणाऱ्या, फर्मवेअरचं, मागवलं. रेड कार्ड मधे आलं की डिस्कची खरी अवस्था, तिचा सीरियल नंबर, स्मार्टची, म्हणजे डिस्कनं स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली, माहिती, यातलं काहीही सरळ दिसत नाही. शिवाय लेखन कॅशेत असतानाच ते "झालं" म्हणून मोकळं होतं. कोटेशनमध्ये "एचबीए, आयटी मोड" असं लिहूनच घ्या.

डिस्क घेताना सीएमआर की एसएमआर ते बघा. या ट्रॅक मांडायच्या दोन पद्धती आहेत; सीएमआरमध्ये ट्रॅक सुटे असतात, तीच घ्या. एसएमआरमध्ये ट्रॅक कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात. एक बदलायचा तर शेजारचेही परत लिहावे लागतात. रोजच्या किरकोळ वापरात ते जाणवत नाही, पण डिस्क बदलून सलग तासन् तास लिहायची वेळ आली की वेग कोसळतो आणि झेडएफएस ती डिस्क बादसुद्धा करू शकते. २०२० मध्ये नॅससाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही डिस्क एसएमआर असल्याचं बाहेर आलं आणि त्यावरून बराच गदारोळ झाला. तेव्हापासून उत्पादक आपल्या संकेतस्थळावर हे छापतात. मॉडेल नंबर पूर्ण जुळवून घ्या, एका अक्षराचा फरकही महत्त्वाचा असतो. आम्ही ८ टीबीच्या आठ घेतल्या, दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून, म्हणजे सगळ्या एकाच बॅचच्या निघू नयेत. नववी कपाटात ठेवली.

डिस्क आल्या की लगेच कामाला लावू नका. आधी स्मार्टची लांब चाचणी, मग बॅडब्लॉक्स या प्रोग्रॅमची लिहून-वाचून चाचणी, मग परत लांब चाचणी. बॅडब्लॉक्स चार नमुने लिहितं आणि प्रत्येक परत वाचतं, म्हणजे पूर्ण डिस्कवरून आठ फेऱ्या. ८ टीबीच्या डिस्कला तीन-चार दिवस सहज लागतात, १६ टीबीला आठवडा. मालक विचारतात, "सामान येऊन पडलंय, चालू कधी करणार?" त्यांना सांगायचं, कास्टिंग तपासल्याशिवाय आपण तरी पाठवतो का? आमच्या लॉटमधली एक डिस्क या चाचणीत पेंडिंग सेक्टर, म्हणजे नीट वाचता न येणाऱ्या जागा, दाखवायला लागली. रिकामी असतानाच कळलं म्हणून निवांतपणे बदलून मिळाली.

प्रत्यक्ष बसवणं हा सगळ्यात सोपा भाग. पेन ड्राइव्हवरून बूट करा, दोन छोट्या एसएसडी निवडा म्हणजे बूटचीसुद्धा जोडी होते, पासवर्ड द्या, पुढचं सगळं ब्राउझरमधून. चहा गार व्हायच्या आत होतं. बूटच्या डिस्कवर डेटा ठेवता येत नाही, त्यामुळं तिथं मोठी एसएसडी वाया घालवू नका.

पूल कसा मांडायचा हे मात्र एकदाच ठरतं आणि वर्षानुवर्षं भोगावं लागतं. व्हर्च्युअल मशिनांसाठी मिरर, म्हणजे दोन डिस्कवर एकच डेटा अशा जोड्या, घ्या. आठ डिस्कच्या चार जोड्या केल्या तर लिहिण्याचं काम चार ठिकाणी वाटलं जातं. त्याच आठ डिस्क एका रेडझेड२ मध्ये, म्हणजे दोन डिस्कइतकी जागा बचावासाठी राखणाऱ्या एका गटात, घातल्या तर जागा जास्त मिळते आणि कुठल्याही दोन डिस्क गेल्या तरी डेटा टिकतो, पण छोट्या छोट्या विखुरलेल्या लेखनाला तो अख्खा गट साधारण एका डिस्कच्या वेगानं चालतो. ईआरपीचा डेटाबेस, मेल, डोमेन सर्व्हर, हे सगळे दिवसभर अशीच बारीक टोचणी लावत असतात. रेडझेड२ बॅकअपच्या पेटीला ठेवा, तिथं तो उत्तम. मिररमध्ये निम्मी जागा जाते याचं वाईट वाटतं हे खरं. शिवाय मशिनांच्या डिस्क ठेवलेला पूल निम्म्याच्या आसपासच भरलेला बरा, कारण झेडएफएस जुन्या जागेवर न लिहिता नेहमी नव्या जागेवर लिहिते आणि सलग मोकळी जागा संपत आली की ती अडखळते. म्हणजे ६४ टीबीच्या डिस्क घेऊन हाताशी मनमोकळेपणानं वापरता येतील अशा १५-१६ टीबी. हे गणित मालकांना खरेदीच्या आधीच दाखवा.

आता सिंक, म्हणजे पक्क्या, लेखनाविषयी जरा सविस्तर सांगतो, कारण "ट्रूनॅस हळू आहे" ही तक्रार बहुतेक वेळा इथून येते.

डेटाबेस जेव्हा म्हणतो "हे पक्कं लिहा", तेव्हा ते खरोखर वीज गेली तरी टिकेल अशा जागी गेल्याशिवाय झेडएफएस होकार देत नाही. साधं लेखन ती रॅममध्ये गोळा करते आणि साधारण पाच सेकंदांनी एकत्र डिस्कवर उतरवते. पण पक्क्या लेखनाची नोंद लगेच लॉगमध्ये करावी लागते, आणि तो लॉग फिरत्या डिस्कवर असेल तर प्रत्येक नोंदीला डिस्कचं डोकं हलतं. ईआरपीत चलन सेव्ह करताना स्क्रीन जरा थांबायची, ती यामुळं. यावर दोन उपाय सांगितले जातात. एक म्हणजे डेटासेटवर, म्हणजे पुलातल्या त्या कप्प्यावर, सिंक बंद करणं. वेग एकदम उडी मारतो, कारण झेडएफएस आता न लिहिताच "लिहिलं" म्हणते. वीज गेली की शेवटच्या काही सेकंदांतलं सगळं जातं, आणि डेटाबेसला वाटत असतं की ते आहे. हिशेबाच्या, ग्राहकाच्या, पेशंटच्या डेटावर हे कधीही करू नका, कुणी कितीही छातीठोकपणे सांगितलं तरी.

दुसरा उपाय स्लॉग. लॉगसाठी वेगळी, चपळ डिस्क द्यायची. ती मोठी नको. पाच-दहा सेकंदांचं लेखन मावलं की झालं. १० गिगाबिटच्या नेटवर्कवरून सेकंदाला जास्तीत जास्त सव्वा जीबी येणार, म्हणजे १६ जीबीसुद्धा पुष्कळ. पण तिच्यात वीज जाताना आतला डेटा वाचवणारे कपॅसिटर असलेच पाहिजेत. घरच्या लॅपटॉपमधली एनव्हीएमई एसएसडी जाहिरातीत कितीही वेगवान असो, या कामाला ती उपयोगाची नाही. पक्क्या लेखनाला ती मंदावते आणि वीज जाताना तिचा भरवसा नसतो. इंटेलचं ऑप्टेन या कामासाठी सर्वांत नावाजलेलं होतं, पण २०२२ मध्ये इंटेलनं तो धंदा गुंडाळायचं जाहीर केलं. आम्ही सर्व्हरच्या वर्गातल्या दोन छोट्या एनव्हीएमई जोडीनं लावल्या. दुसऱ्या दिवशी डिस्पॅचमधल्या मावशींनी फोन करून विचारलं, "साहेब, काल काय केलंसा? चलन लगेच निघायलंय." एवढी पावती मला पुरली.

पूलच सगळा कपॅसिटरवाल्या एसएसडीचा असेल तर स्लॉगची फारशी गरज उरत नाही, हेही सांगून ठेवतो.

नेटवर्क १० गिगाबिट, स्टोरेजसाठी वेगळं व्हीलॅन, म्हणजे त्याच स्विचवर वेगळं केलेलं नेटवर्क, रॅकमधल्या रॅकमध्ये डॅक नावाची तयार टोकांची तांब्याची केबल. मोठ्या फ्रेम, म्हणजे ९००० एमटीयू, लावणार असाल तर सर्व्हर, स्विच आणि ट्रूनॅस तिन्हीकडं लावा आणि फ्रॅगमेंट न करता ८९७२ बाइटचं पिंग जातं का ते बघा. एकीकडं राहून गेलं तर छोटं सगळं चालतं आणि मोठी फाइल सोडली की लटकतं; असला दोष शोधताना माणूस वेडा होतो. मशिनांच्या डिस्क आम्ही एनएफएसवर, म्हणजे नेटवर्कवरच्या सामायिक फोल्डरमध्ये, ठेवल्या, कारण प्रॉक्समॉक्समधून स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची गोठवलेली अवस्था, घेणं सोपं जातं आणि फाइली डोळ्यांना दिसतात. एका विंडोज सर्व्हरला आयस्कझीवरून, म्हणजे नेटवर्कवरून अख्खी डिस्क देण्याच्या पद्धतीनं, कच्ची डिस्क दिली आहे. आयस्कझीत दोन रस्ते हवे असतील तर दोन वेगळे सबनेट आणि मल्टिपाथ करा, केबल जोडून एक लिंक करू नका. आणि साध्या फाइलसिस्टिमची एकच डिस्क दोन सर्व्हरना कधीही देऊ नका. दोघंही ती आपलीच समजून लिहितात आणि फाइलसिस्टिमचा चुराडा होतो, त्यात ट्रूनॅस काहीच करू शकत नाही.

विजेचा आणि धुळीचा विषय आमच्याकडं वेगळाच आहे. इंडक्शन फर्नेस चालू झाली की लाइनवर काय काय होतं ते इथल्या इलेक्ट्रिशियनला विचारा. वळवाच्या पावसात तर वीज जाते, येते, परत जाते. म्हणून यूपीएस ऑनलाइन प्रकारचाच आणि अर्थिंग फर्नेसपासून वेगळं. यूपीएसची यूएसबी केबल ट्रूनॅसला जोडली आहे आणि बाकीचे सर्व्हर नेटवर्कवरून त्याच्याकडून खबर घेतात. बॅटरी उतरत आली की आधी मशिनं, मग सर्व्हर, आणि सगळ्यात शेवटी स्टोरेज बंद व्हायला हवं. वीज आल्यावर उलटा क्रम: आधी स्टोरेज, त्याचा पूल वर आला की मग सर्व्हर. हा क्रम बांधून, खरोखर मेन स्विच पाडून तपासल्याशिवाय काम पूर्ण झालं असं समजू नका. आम्ही आठवड्याच्या सुट्टीच्या दिवशी हे केलं.

आणि धूळ. मोल्डिंगच्या वाळूत कोळशाची भुकटी असते, ती काळी बारीक धूळ ओल्या हवेत बोर्डावर बसली की चांगली नसते. सर्व्हर रूम शॉपपासून लांब, ऑफिसच्या वरच्या मजल्यावर घेतली. दाराला रबर, एसीच्या जाळ्या दर पंधरवड्याला धुणं. पेटी उघडून ब्लोअर मारायचा तो खोलीच्या बाहेर नेऊन.

रोजच्या देखभालीत ट्रूनॅस फार त्रास देत नाही, पण त्यानं हाक मारली की ऐकू आली पाहिजे. ईमेल पहिल्याच दिवशी लावा आणि चाचणीचा इशारा पाठवून बघा. पासवर्ड बदलल्यामुळं मेल जाणं बंद झालेल्या आणि महिनोन् महिने एका डिस्कवर चाललेल्या पेट्या मी दुसऱ्यांकडं बघितल्या आहेत. स्क्रब, म्हणजे संपूर्ण डेटा वाचून चेकसम पडताळणं, मुळातच शनिवारी मध्यरात्री, रविवार सुरू होताना, ३५ दिवसांच्या अंतरानं लावलेलं असतं. तुमच्याकडं रविवारी काम चालत असेल तर वार बदला. स्मार्टची छोटी चाचणी आठवड्याला, लांब महिन्याला. २५.१० आवृत्तीत स्मार्ट चाचण्यांचं वेळापत्रक लावायची स्क्रीन काढून टाकली आहे, तेव्हा त्या आवृत्तीवर ते क्रॉनमधून, म्हणजे ठरल्या वेळी आज्ञा चालवणाऱ्या सोयीतून, करावं लागतं. नव्यानं बसवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.

एकदा स्क्रबनंतर मेल आला. पुलाची अवस्था दाखवणाऱ्या झेडपूल स्टेटस या आज्ञेत एका डिस्कसमोर चेकसमच्या रकान्यात आकडा दिसत होता. वाचन आणि लेखनाचे रकाने शून्य. म्हणजे डिस्क वाचायला नकार देत नव्हती, पण जे देत होती त्यातलं काही खोटं होतं. खाली ओळ होती की दुरुस्ती झाली, डेटातल्या चुका शून्य. स्मार्टमध्ये ५, १९७, १९८ या क्रमांकांचे, खराब जागा मोजणारे तिन्ही आकडे शून्यच, म्हणजे पृष्ठभाग ठीक. पण १९९, म्हणजे डिस्कशी देवाणघेवाण करताना झालेल्या चुका मोजणारा सीआरसीचा आकडा, वाढलेला. हा आकडा बहुतेक वेळा केबलचा असतो. पेटी उघडली तर एचबीएकडून बॅकप्लेनला, म्हणजे डिस्क ज्यात बसतात त्या बोर्डाला, जाणारी केबल झाकणाखाली दबून तिरकी झाली होती. नवी केबल लावली, आकडा पुसला, परत स्क्रब चालवला, स्वच्छ. डिस्क बदलायची गरजच नव्हती. जुन्या पद्धतीत ते चुकीचे बाइट कुठल्या तरी ड्रॉइंगमध्ये शिरले असते आणि कास्टिंगचं माप चुकेपर्यंत कुणाला पत्ता लागला नसता. या एका गोष्टीसाठी मी झेडएफएसची बाजू घेतो.

डिस्क खरोखर गेली की मात्र घाई नको. प्रत्येक ट्रेवर डिस्कच्या सीरियल नंबरची शेवटची चार अक्षरं छापून चिकटवा. मिररमधली एक मेलेली असताना चुकून तिची जिवंत जोडीदार उपसली तर अख्खा पूल खाली येतो. स्क्रीनवरचा नंबर आणि ट्रेवरचा नंबर दोघांनी मिळून मोठ्यानं वाचायचा, मगच हात लावायचा. आधी स्क्रीनवरून ऑफलाइन, मग उपसणं, नवी घालणं, रिप्लेस. झेडएफएस फक्त वापरलेली जागा भरते, त्यामुळं निम्म्या भरलेल्या ८ टीबीच्या डिस्कला एक रात्र पुरते, आणि या काळात ईआरपी चालूच राहतं.

स्नॅपशॉट ही गोष्ट ऑफिसमधल्या लोकांनाही कळते, म्हणून तिचं कौतुक जास्त होतं. दर तासाला एक, दोन दिवस ठेवायचे. रोजचा एक, महिनाभर. आठवड्याचा एक, वर्षभर. फक्त बदललेल्याच ब्लॉकची जागा लागते. डिझाइनमधल्या पोरानं पॅटर्नच्या ड्रॉइंगवर दुसरंच ड्रॉइंग सेव्ह केलं आणि घाबरून खाली आला, "दादा, कालची फाइल मिळंल का हो?" त्याला त्याच्याच संगणकावर फोल्डरवर राइट क्लिक करून मागच्या आवृत्त्या कशा उघडायच्या ते दाखवलं. आता ते लोक मला विचारतही नाहीत. रॅन्समवेअर आलं तरी विंडोजच्या बाजूनं हे स्नॅपशॉट पुसता येत नाहीत. अर्थात ट्रूनॅसचा अॅडमिन पासवर्ड कुणाच्या ब्राउझरमध्ये सेव्ह केलेला नसेल तर.

पण स्नॅपशॉट त्याच पेटीत असतो, म्हणून तो बॅकअप नव्हे. कोल्हापुरात हे समजावून सांगावं लागत नाही. पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. ऑगस्ट २०१९ मध्ये आणि पुन्हा जुलै २०२१ मध्ये पाणी त्याच्या किती वर गेलं ते सगळ्यांनी बघितलंय. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर हायवेच बंद झाला होता. कारखान्यात पाणी शिरलं नाही तरी माणूस पोहोचू शकत नाही, ही अडचणसुद्धा तेवढीच मोठी. म्हणून दुसरी पेटी आमच्या पुण्याच्या ऑफिसात आहे. पहिली प्रत इथंच शेजारी ठेवून १० गिगाबिटवरून भरली, मग पेटी गाडीत घालून पुण्याला नेली. आता रोज रात्री फक्त दिवसभराचा बदल जातो, साध्या फायबरवरून, आणि सकाळच्या आत संपतो. ओढण्याचं काम पुण्याची पेटी करते, इथली ढकलत नाही; त्यामुळं इथं कुणी शिरलं तरी त्याच्याकडं पुण्याची किल्ली नसते. दर तिमाहीला पुण्यातल्या एका स्नॅपशॉटचा क्लोन करून ईआरपीचं मशीन नेटवर्कशिवाय उठवतो आणि हिशेबनिसांना त्यातली शेवटची नोंद वाचायला सांगतो. हे केल्याशिवाय बॅकअप आहे असं मी कुणाला सांगत नाही.

उणिवा आहेत. फुकटच्या आवृत्तीत दोन कंट्रोलर नाहीत; बोर्ड गेला तर तो बदलेपर्यंत सगळे सर्व्हर थांबतात. आमच्याकडं त्यासाठी तशाच बोर्डाची जुनी पेटी तयार ठेवली आहे, डिस्क हलवल्या की तास-दीड तासात परत चालू. ज्यांना तेवढंही थांबता येत नाही, म्हणजे मोठं हॉस्पिटल किंवा चोवीस तास पैशाचा व्यवहार, त्यांनी ट्रूनॅसचंच विकतचं एंटरप्राइज मॉडेल किंवा ब्रँडेड सॅनच घ्यावं. अडचण आली तर फोन उचलणारं कुणी नसतं. मंचावर जाणकार लोक खूप आहेत आणि मनापासून मदत करतात, पण इंग्रजीतून आणि त्यांच्या सवडीनं. आवृत्त्या भराभर येतात आणि बदल मोठे असतात. उदाहरणार्थ, त्यातली ॲप आधी कुबरनेटिस या यंत्रणेवर चालायची, २४.१० आवृत्तीपासून डॉकर या वेगळ्या यंत्रणेवर आली. आम्ही ट्रूनॅसवर ॲप चालवतच नाही, साठवणीच्या पेटीनं साठवणच करावी.

अपडेट नवी आवृत्ती आल्या आल्या घेऊ नका, दोन-तीन दुरुस्त्या बाहेर पडू द्या. त्याआधी सेटिंगची फाइल उतरवून घ्या, गुप्त बीजासह, म्हणजे साठवलेले पासवर्ड उलगडणाऱ्या किल्लीसह, उतरवायची खूण विसरू नका, आणि ती ट्रूनॅसच्या बाहेर ठेवा. अपडेट बिनसलं तर बूटच्या वेळी जुनं एन्व्हायर्नमेंट, म्हणजे जपून ठेवलेली आधीची आवृत्ती, निवडता येतं, ही फार मोठी सोय आहे. पण "पूल अपग्रेड करा" अशी सूचना येते तिला लगेच हो म्हणू नका. एकदा अपग्रेड केलेला पूल जुन्या आवृत्तीला उघडता येईलच असं नाही, म्हणजे परतीचा रस्ता बंद.

जागा वाढवायचं काम आता आमच्यासमोर आहे. मिररमध्ये ते सरळ आहे: एका जोडीतली एक डिस्क १६ टीबीची घालायची, भरून होऊ द्यायची, मग दुसरी, दुसरी भरली की जागा आपोआप वाढते. शिवाय चासीत चार बे मोकळे आहेत, नवी जोडीही घालता येईल. रेडझेडमध्येही आता एकेक डिस्क वाढवता येते, २४.१० पासून, पण आधीचा डेटा जुन्याच प्रमाणात मांडलेला राहतो. डिस्क मागवल्या आहेत. त्या आल्या की बॅडब्लॉक्सवर लावणार आणि चाचणी संपेपर्यंत मालकांच्या फोनला तेच उत्तर देणार.